औषधामुळे हृदयाच्या स्नायूला सूज: कुठलं औषध, कितवा आठवडा, काय तपासायचं

वारुळ

मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूची सूज, म्हटलं की सगळ्यांना आधी विषाणू आठवतो. सर्दी-ताप, मग आठवड्याभराने छातीत दुखणं, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) वाढलेलं. या चित्राची इतकी सवय झालेली असते की रुग्णाच्या औषधांच्या यादीकडे बघायचं राहून जातं आणि औषध चालूच राहतं. विषाणू थांबवणं आपल्या हातात नसतं, गोळी थांबवणं असतं. म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझा मुद्दा एकच आहे. या निदानाची सुरुवात तारखेपासून होते. कुठलं औषध कधी सुरू झालं, डोस कधी वाढवला, सोबत दुसरं काय चालू होतं, हे कागदावर नसेल तर पुढच्या महागड्या तपासण्यांचा अर्थ लावता येत नाही. प्रत्येक औषधगटाचा धोक्याचा काळ बऱ्यापैकी ठरलेला आहे:

क्लोझापिन, म्हणजे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं औषध: पहिले चार आठवडे, त्यातही तिसरा आठवडा सर्वांत नाजूक. दोन महिन्यांनंतर क्वचित.

कर्करोगावरची इम्यून चेकपॉइंट औषधं (निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, इपिलिमुमॅब वगैरे): बहुतेक वेळा पहिले तीन महिने. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या नोंदीत मध्यांक 34 दिवस होता, म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याच्या आत त्रास सुरू झाला. कधी पहिल्याच डोसनंतर.

मेसालाझिन, म्हणजे आतड्याच्या दाहावरचं औषध: साधारण दोन ते चार आठवडे.

पेनिसिलिन गट, सल्फा, मिनोसायक्लिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, अ‍ॅलोप्युरिनॉल यांच्यामुळे होणारा अतिसंवेदनशीलतेचा प्रकार: काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत. डोस कमी होता म्हणून सुटका नाही, इथे डोसशी फारसा संबंध नसतो.

ड्रेस सिंड्रोम, म्हणजे ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांना त्रास अशी औषधाची तीव्र प्रतिक्रिया: अंगावरचा पुरळ 2 ते 8 आठवड्यांत येतो, पण हृदयाचा त्रास त्यानंतर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उपटतो.

एमआरएनए लशींनंतरचा मायोकार्डायटिस बहुतेक करून तरुण पुरुषांत, दुसऱ्या डोसनंतर आठवड्याच्या आत दिसला आणि बहुतेकजण बरे झाले. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, इथे तो विषय वाढवू नये ही विनंती.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: हे वाचून कुणीही चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. कारण पुढे येईलच.

खलबत्ता

चांगला धागा. एक शंका. डॉक्सोरुबिसिन, फ्लुओरोयुरासिल, ट्रास्टुझुमॅब ही कर्करोगावरची औषधं यादीत का नाहीत? हृदयाला त्रास देणारी औषधं म्हटली की पहिली नावं यांचीच येतात.

हृत्कर्ण

@खलबत्ता, मुद्दाम वगळली असणार, आणि ते बरोबर आहे. डॉक्सोरुबिसिन हृदयपेशींवर थेट विषारी परिणाम करतं. तो एकूण साठलेल्या डोसवर अवलंबून असतो आणि बहुधा हळूहळू हृदय कमकुवत होत जातं. फ्लुओरोयुरासिलमुळे रक्तवाहिनी आकुंचन पावते, त्यामुळे चित्र हार्ट अ‍ॅटॅकसारखं दिसतं. ट्रास्टुझुमॅबमुळे पंपिंग कमी होतं, पण सूज हा त्याचा मुख्य भाग नाही. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. स्टेरॉइड देऊन इथे काहीही साधत नाही.

सीमेवरचं उदाहरण म्हणजे खूप मोठ्या डोसमध्ये दिलेलं सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरचं औषध. दिल्यानंतर पहिल्या दहाएक दिवसांत हृदयाच्या स्नायूत रक्तस्राव आणि सूज दोन्ही येऊ शकतात. पण तिथेही मूळ कारण विषारीपणाच आहे.

खऱ्या अर्थाने औषधजन्य मायोकार्डायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच हृदयावर उलटते. ती दोन वाटांनी. एक, औषधाची अ‍ॅलर्जी, ज्यात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) स्नायूत घुसतात. दोन, चेकपॉइंट औषधांनी टी-पेशींचा (प्रतिकारशक्तीच्या हल्लेखोर पेशींचा) ब्रेक काढून टाकल्यामुळे त्या कर्करोगाच्या गाठीबरोबर हृदयाच्या स्नायूवरही तुटून पडतात. क्लोझापिन बहुधा पहिल्या वाटेच्या जवळचं आहे, पण पूर्ण उलगडा झालेला नाही.

रात्रपाळी

क्लोझापिनबद्दल सविस्तर लिहिते, कारण आधीपासून पाळत ठेवली तर वेळेत पकडता येईल असा हाच प्रकार आहे.

1999 मध्ये ऑस्ट्रेलियातून क्लोझापिन सुरू केलेल्या तरुण रुग्णांमधल्या मायोकार्डायटिसची मालिका प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तिथे बारकाईने पाळत ठेवतात. तिथली नोंद 1 ते 3 टक्क्यांच्या घरात जाते आणि इतर बहुतेक देशांत त्याहून कितीतरी कमी. याचा एक सरळ अर्थ असा की शोधलं तर सापडतं. दुसराही अर्थ काढतात, की अतिसावधपणामुळे साध्या तापालाही हे लेबल लागतं. दोन्हींत तथ्य आहे.

2011 पासून वापरात असलेली पद्धत अशी. औषध सुरू करण्यापूर्वी नाडी, ताप, रक्तदाब, श्वासाची गती, ट्रोपोनिन, सीआरपी (रक्तातला सुजेचा निर्देशक) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी). मग 7, 14, 21 आणि 28 व्या दिवशी ट्रोपोनिन आणि सीआरपी. नाडी, ताप, रक्तदाब, श्वास हे चार किमान एक दिवसाआड, 28 दिवस.

थांबवायचं कधी? ट्रोपोनिन सर्वसाधारण मर्यादेच्या दुपटीहून जास्त, किंवा सीआरपी 100 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर. यातलं काहीही एक झालं की क्लोझापिन बंद, इको आणि हृदयरोगतज्ज्ञ. मधला पट्टा: ट्रोपोनिन थोडंसं वाढलेलं, किंवा सीआरपी 50 ते 100, किंवा नाडी 120 वर गेलेली किंवा आधीपेक्षा 30 हून जास्त वाढलेली, किंवा ताप, खोकला, छातीत दुखणं, जुलाब यांपैकी काही. अशा वेळी औषध चालू ठेवता येतं, पण रक्त रोज तपासायचं.

आता घोडं अडतं ते इथे. क्लोझापिनमुळे नाडी तशीही वाढते, पहिल्या महिन्यात साधा तापही येतो आणि जातो. मग खरं कसं ओळखायचं? एकेका आकड्याकडे न बघता तक्ता सलग वाचायचा. समजा (हे उदाहरण समजण्यापुरतं आहे) तक्ता असा आहे:

दिवस 0: नाडी 82, ताप नाही, सीआरपी 3
दिवस 7: नाडी 98, ताप नाही, सीआरपी 8
दिवस 14: नाडी 104, ताप 37.6, सीआरपी 31
दिवस 16: नाडी 122, ताप 38.3, जुलाब, ट्रोपोनिन सर्वसाधारण, सीआरपी 74
दिवस 17: नाडी 126, ट्रोपोनिन मर्यादेच्या तिप्पट, सीआरपी 140

सोळाव्या दिवशी फक्त ट्रोपोनिन पाहून "हृदय ठीक आहे, पोट बिघडलंय" असं लिहिलं गेलं असतं. लक्षणं सुरू झाल्यावर ट्रोपोनिन कधी कधी पाच दिवसांपर्यंत मागे राहतं. म्हणून एक ट्रोपोनिन सर्वसाधारण आलं एवढ्यावर निश्चिंत होऊ नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवावं. आणि इओसिनोफिलची वाट तर अजिबात बघू नये. क्लोझापिनच्या बाबतीत ते बहुधा ट्रोपोनिननंतर वाढतात.

दुसरी चूक: ताप आला की फक्त हृदयाचाच विचार. क्लोझापिनवर ताप म्हणजे पांढऱ्या पेशींची मोजणी त्याच दिवशी हवीच. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घसरणं हाही तितकाच गंभीर दुष्परिणाम आहे आणि दोन्हींचा काळ एकमेकांवर पडतो.

खलबत्ता

डोस वाढवण्याच्या वेगाबद्दल लिहायला हवं. पहिल्या दिवशी 12.5 मिलिग्रॅम, मग रोज 25 ते 50 ने वाढवत दोन आठवड्यांत 300 ते 450, असं माहितीपत्रकात असतं. हा वेग बऱ्याच रुग्णांना जास्त होतो. पहिल्या नऊ दिवसांत पोटात गेलेला एकूण डोस जितका जास्त, तितका मायोकार्डायटिसचा धोका वाढलेला दिसतो. सोबत सोडियम व्हॅल्प्रोएट असेल तर धोका अडीचपट. वयाबरोबरही वाढतो. म्हणजे मूड सावरायला व्हॅल्प्रोएट आणि त्याच आठवड्यात क्लोझापिनची घाई, ही जोडी टाळण्यासारखी.

क्लोझापिन मुख्यतः सीवायपी1ए2 या एन्झाइमने पचतं. फ्लुव्होक्सामिन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं, किंवा रुग्णाने दाखल झाल्यावर सिगारेट सोडली, तर तोच डोस रक्तात कितीतरी जास्त होतो. बिडी-सिगारेटच्या धुराने ते एन्झाइम वाढलेलं असतं, धूर थांबला की खाली येतं. निकोटिनचे पॅच लावून हा फरक भरून निघत नाही, कारण परिणाम धुरातल्या घटकांचा आहे. शिवाय कुठल्याही संसर्गात किंवा सुजेत हे एन्झाइम मंदावतं. म्हणजे सूज सुरू झाली की पातळी वाढते, त्यात डोसही ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वाढवत राहिलं तर आगीत तेल. सीआरपी वर चढताना दिसला तर निदान डोस आहे तिथे रोखावा, एवढं तरी करावंच.

परीक्षानळी

ट्रोपोनिनच्या रिपोर्टबद्दल प्रयोगशाळेच्या बाजूने काही गोष्टी.

एकक आधी बघा. जुन्या पद्धतीत नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, नव्या उच्च-संवेदी पद्धतीत नॅनोग्रॅम प्रति लिटर. 0.04 आणि 40 हे एकच आहेत. दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका तक्त्यात मांडून "हजारपट वाढलं" अशी धावाधाव होते. सुरुवातीचा आणि नंतरचे सगळे नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने.

ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय यांची अदलाबदल करू नका. हातापायाच्या स्नायूंना सूज असेल तर ट्रोपोनिन टी वाढू शकतं, ट्रोपोनिन आय हृदयापुरतं जास्त मर्यादित असतं. चेकपॉइंट औषधांत स्नायूंची सूज आणि हृदयाची सूज हातात हात घालून येतात, म्हणून तिथे शक्य असेल तर दोन्ही करावीत, सोबत सीके (स्नायूंच्या इजेने वाढणारं एन्झाइम).

केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्यांत काही यंत्रांवर ट्रोपोनिन खोटं कमी येतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2017 मध्ये त्यावर इशारा दिला होता. लक्षणं बोलतायत आणि आकडा गप्प आहे असं वाटलं तर हा प्रश्न विचारा, प्रयोगशाळेला फोन करा आणि दुसऱ्या पद्धतीवर नमुना चालवून घ्या.

पारिजातक

चेकपॉइंट औषधांवर लिहितो. इथे प्रमाण कमी, पण मृत्यूचं प्रमाण भयंकर. एकूण रुग्णांपैकी साधारण 1 टक्का किंवा त्याहून कमी जणांना होतो, पण ज्यांना होतो त्यांतले वेगवेगळ्या नोंदींत 25 ते 50 टक्के दगावतात. 2016 मध्ये निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र घेतलेल्या दोन रुग्णांचे मृत्यू प्रसिद्ध झाले, तेव्हा हा विषय जगासमोर आला. दोन चेकपॉइंट औषधं एकत्र दिली तर धोका नक्कीच जास्त.

पहिला सापळा इकोचा. निम्म्या रुग्णांत पंपिंगचा आकडा, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, सर्वसाधारण असतो. "इको नॉर्मल, डिस्चार्ज" हे वाक्य या आजारात जिवावर बेततं. रुग्ण पंपिंगमुळे जातो त्यापेक्षा हृदयाच्या विद्युत यंत्रणेमुळे जास्त जातो: पूर्ण हार्ट ब्लॉक (वरच्या कप्प्यांतला विद्युत संदेश खालच्या कप्प्यांत न पोचणं), व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (खालच्या कप्प्यांची धोकादायक वेगवान लय).

म्हणून ईसीजी शेजारी शेजारी ठेवून पीआर अंतर (विद्युत संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायला लागणारा वेळ) मोजा. उपचारापूर्वीच्या ईसीजीत 160 मिलिसेकंद, मग 190, मग 225. यातला मधला आकडा एकटा पाहिला तर कुणी वळूनही बघणार नाही, कारण 200 पर्यंत सर्वसाधारणच मानतात. तिन्ही एकत्र पाहिले की एव्ही नोडमध्ये, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या विद्युत सांध्यात, सूज सरकत चाललीय हे कळतं. अशा रुग्णाला मॉनिटरवर ठेवायचं, तात्पुरत्या पेसमेकरची तयारी हाताशी.

दुसरा सापळा डोळ्यांचा आणि मानेचा. पापणी लोंबणं, एकाचे दोन दिसणं, गिळताना ठसका, मान सावरता न येणं. मायोसायटिस (हातापायाच्या स्नायूंची सूज) आणि मायस्थेनिया (नसांचा संदेश स्नायूंपर्यंत नीट न पोचणं) हे दोन्ही मायोकार्डायटिससोबत येतात, आणि तिन्ही एकत्र असले की छातीचा पडदा कमकुवत होऊन श्वास थांबू शकतो. ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत चांगला दिसत राहतो. म्हणून झोपवून आणि बसवून श्वासाची क्षमता मोजा आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड बघा. पापणी लोंबतेय म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलेल्या चेकपॉइंटच्या रुग्णाला त्याच दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिन हवंच हवं.

उपचार. संशय बळकट असेल तर एमआरआयची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. मिथाइलप्रेडनिसोलोन 500 ते 1000 मिलिग्रॅम शिरेतून रोज, निदान तीन दिवस. पहिल्या 24 तासांत मोठा डोस मिळालेल्यांची पुढची वाटचाल बरी दिसते. ट्रोपोनिन शिखराच्या निम्म्याहून खाली आलं आणि लय, पंपिंग स्थिर असेल तर तोंडाने प्रेडनिसोलोन वजनाच्या प्रति किलो 1 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 80. मग आठवड्याला 10 ने कमी, आणि प्रत्येक पायरीवर ट्रोपोनिन आणि ईसीजी. 20 मिलिग्रॅमवर आल्यावर थांबून पुन्हा नीट तपासणी, त्यानंतर आणखी हळू. घाईने कमी केलं की ट्रोपोनिन परत वर येतं.

तीन दिवसांच्या मोठ्या डोसनंतरही उतार नसेल तर स्टेरॉइडला न जुमानणारा प्रकार समजून प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध लगेच जोडायचं: अ‍ॅबाटासेप्ट, सोबत रुक्सोलिटिनिब, किंवा मायकोफेनोलेट, टोसिलिझुमॅब, अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन. इन्फ्लिक्सिमॅब मात्र हृदय कमकुवत असताना नको.

खलबत्ता

"औषध बंद करणं आपल्या हातात" असं धाग्याच्या सुरुवातीला लिहिलंय. चेकपॉइंटच्या बाबतीत ते लागू होतं का?

वारुळ

नेमका प्रश्न. अर्धंच लागू होतं. निवोलुमॅबचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण 25 दिवसांचं, आणि टी-पेशींवर ते त्याहूनही जास्त काळ, दोन महिन्यांच्या वर चिकटून राहतं. पुढचा डोस न देणं आवश्यक आहे, पण आधीचा डोस अंगात काम करतच असतो. म्हणूनच तिथे प्रतिकारशक्ती दाबणं हाच मुख्य उपचार.

क्लोझापिनचं उलटं. अर्धायुष्य साधारण 12 तास, दोन-तीन दिवसांत शरीराबाहेर. तिथे बंद करणं हाच मुख्य उपचार, आणि मेसालाझिनमध्येही तसंच, बहुतेकजण काही दिवसांत सुधारतात. पण क्लोझापिन एकदम बंद केलं की मानसिक आजार झपाट्याने उसळतो, शिवाय मळमळ, घाम, बेचैनी, झोप उडणं. "स्वतःच्या मनाने बंद करू नये" म्हणालो ते याचसाठी. बंद करायचंच, पण दाखल करून, मानसोपचारतज्ज्ञाने त्याच दिवशी पर्यायी औषध ठरवून.

चुंबक

एमआरआयबद्दल थोडक्यात. 2018 च्या सुधारित लेक लुईस निकषांत (एमआरआयवरून मायोकार्डायटिस ठरवायचे नियम) दोन गोष्टी एकत्र बघतात: टी2 या मोजमापावर स्नायूतलं पाणी, आणि टी1 हे मोजमाप किंवा गॅडोलिनियम (शिरेतून दिलेला काँट्रास्ट) उशिरा धरून राहणं यावरून स्नायूची इजा. नुसतं "काँट्रास्ट करा" असं लिहून पाठवू नका, टी1-टी2 मॅपिंग हवं असं स्पष्ट लिहा.

चेकपॉइंटच्या रुग्णांत वेळेने फार फरक पडतो. दाखल झाल्यावर पहिल्या चार दिवसांत केलेल्या एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचा डाग साधारण पाचांतल्या एकालाच दिसला. चौथ्या दिवसानंतर केलेल्यांत सुमारे 70 टक्क्यांना. दुसऱ्या दिवशीचा स्वच्छ एमआरआय दाखवून स्टेरॉइड थांबवणं चूक आहे. इओसिनोफिलच्या प्रकारात डाग आतल्या अस्तराच्या बाजूला असू शकतो आणि सोबत गुठळी, ती मुद्दाम शोधावी लागते.

सूक्ष्मदर्शी

बायोप्सीला, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा तुकडा काढून तपासायला, सगळे घाबरतात, आणि रिपोर्ट "निष्कर्ष नाही" आला की पॅथॉलॉजीला दोष. अर्धे नमुने टेबलावरच खराब झालेले असतात.

निदान पाच-सहा तुकडे हवेत, कारण सूज ठिपक्या-ठिपक्यांनी असते. तुकडा चिमट्याने दाबून बाहेर काढू नका, सुईच्या टोकाने हलकेच सोडवा. दाबलेल्या पेशी ओळखूच येत नाहीत. फॉर्मलिन फ्रिजमधून काढलेलं थंडगार नको, खोलीच्या तापमानाचं हवं. थंड द्रवात जिवंत स्नायू आकसतो, त्यावर आडव्या पट्ट्या उमटतात आणि त्या खऱ्या इजेसारख्या दिसतात. गरज वाटल्यास एक तुकडा ग्लुटराल्डिहाइडमध्ये, एक गोठवून.

नुसत्या रंगावर अवलंबून असलेले 1986 चे डॅलस निकष बरेच आजार सोडून देतात. इम्युनो-रंगाने (ठरावीक पेशींनाच चिकटणाऱ्या रंगाने) टी-पेशी मोजल्या की चित्र साफ होतं: प्रति चौरस मिलिमीटर 14 किंवा जास्त पांढऱ्या पेशी, त्यात सीडी3 टी-पेशी 7 किंवा जास्त. चेकपॉइंटच्या प्रकारात टी-पेशी आणि मॅक्रोफेज (मोठ्या भक्षक पेशी) यांची गर्दी. औषधाच्या अ‍ॅलर्जीत रक्तवाहिन्यांभोवती इओसिनोफिल, पण स्नायूपेशी तुलनेने कमी मेलेल्या. मेलेल्या पेशींचे पट्टेच्या पट्टे आणि इओसिनोफिल असतील तर तो झपाट्याने मारणारा प्रकार, फोन उचलून तोंडी कळवायचा, छापील रिपोर्टची वाट बघायची नाही.

आणि अर्जावर औषधांची यादी तारखांसकट लिहा. "छातीत दुखणे, मायोकार्डायटिस?" एवढ्यावर इओसिनोफिलचं कारण आम्ही कुठून सांगणार?

हृत्कर्ण

@सूक्ष्मदर्शी, पूर्ण अनुमोदन. पण प्रत्येकाला बायोप्सी लागत नाही. क्लोझापिनचा सोळावा दिवस, ताप, ट्रोपोनिन पाचपट, रक्तवाहिन्या मोकळ्या, औषध थांबवल्यावर तीन दिवसांत उतार: इथे काही गरज नाही. बायोप्सी तेव्हा, जेव्हा हृदय वेगाने खाली जातंय, हार्ट ब्लॉक किंवा वेगवान लय आहे, किंवा स्टेरॉइड द्यायचं की नाही हे तिच्यावर ठरणार आहे.

रक्तात इओसिनोफिल वाढलेले नाहीत म्हणून इओसिनोफिलिक मायोकार्डायटिस नाकारू नका. जवळपास चतुर्थांश रुग्णांत दाखल होताना रक्तातली मोजणी सर्वसाधारण असते.

डोब्युटामाइन (हृदयाचं पंपिंग वाढवणारं शिरेतलं औषध) दिवसेंदिवस चालू असलेला रुग्ण, इओसिनोफिल चढतायत आणि हृदय आणखी ढासळतंय, तर आधार म्हणून चालू असलेलं तेच औषध संशयित यादीत टाका. याचा पटकन कुणी विचार करत नाही.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनाक यांवर हात राखून. पंपिंग कमी असेल तर नकोतच. आणि दुखणं थांबल्यावर लगेच धावणं, वजन उचलणं नाही. तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद, मग इको, ट्रोपोनिन, 24 तासांचं होल्टर (सलग ईसीजी) आणि ट्रेडमिल ठीक आल्यावरच हळूहळू सुरुवात. लक्षण नसलेल्या तरुण रुग्णाला हे पटवणं सर्वांत कठीण, पण सुजलेल्या स्नायूवर ताण आला की घातक लय तिथेच सुरू होते.

खलबत्ता

ड्रेसबद्दल माझ्याकडून थोडी भर. चेहरा सुजलेला, ताप, लसिकाग्रंथी वाढलेल्या, यकृताचे आकडे चढलेले आणि कारण म्हणून फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फा किंवा मिनोसायक्लिन. सगळ्यांचं लक्ष त्वचेवर आणि यकृतावर. हृदयासाठी दाखल करतानाच ट्रोपोनिन आणि ईसीजी करा, आणि पुरळ उतरल्यावरही पुढच्या भेटींत ते पुन्हा करा. स्टेरॉइड सहा-आठ आठवड्यांपेक्षा वेगाने उतरवलं की आजार उलटतो, आणि उलटताना हृदयात उतरू शकतो.

फिटच्या रुग्णाला पर्याय देताना फेनिटॉइन काढून कार्बामाझेपिन किंवा फिनोबार्बिटोन देऊ नका. रासायनिक जडण सारखी असल्याने तीच प्रतिक्रिया पुन्हा येऊ शकते, लॅमोट्रिजिनही टाळलेलं बरं. साधारणपणे लेव्हेटिरासेटामकडे वळतात.

रात्रपाळी

आता सगळ्यांत वादाचा प्रश्न. क्लोझापिन हेच ज्याला लागू पडतं त्याला मायोकार्डायटिसनंतर ते पुन्हा देता येतं का?

वारुळ

प्रसिद्ध झालेल्या प्रकरणांत बहुसंख्य प्रयत्न यशस्वी दिसतात, पण यशस्वी झालेलं लोक लिहून पाठवतात आणि फसलेलं फायलीत राहतं, हे लक्षात ठेवून ते आकडे वाचायचे. माझ्या मते हृदय धक्क्यात गेलं होतं (रक्तदाब कोसळला होता) किंवा पंपिंग अजून कमी आहे अशा रुग्णांना नाहीच. चेकपॉइंटमध्ये मायोकार्डायटिस गंभीर झाला असेल तर तो गट कायमचा बंद.

हृत्कर्ण

आणखी अटी मी घालेन. इको पूर्ववत, ट्रोपोनिन आणि सीआरपी सर्वसाधारण, शक्य असेल तर एमआरआय. आधीच्या वेळी डोस घाईने वाढवला होता किंवा व्हॅल्प्रोएट सोबत होतं असं स्पष्ट कारण सापडलं असेल तर ते दूर करून, दाखल करून, 12.5 किंवा त्याहूनही कमी पासून, वाढ आठवड्यांच्या हिशोबाने. ट्रोपोनिन आणि सीआरपी सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड. आणि थांबवण्याचा आकडा सुरू करण्यापूर्वीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, म्हणजे ऐन वेळी "अजून एक दिवस बघू" होत नाही. रुग्ण आणि घरच्यांशी हे मोकळेपणाने बोलूनच.

रात्रपाळी

@हृत्कर्ण, "सगळ्यांच्या सह्या" हे महत्त्वाचं. रात्री दोन वाजता नाडी 124 आली तर ड्युटीवरच्या माणसाला कुणाला विचारायचं आणि पुढचा डोस रोखायचा की नाही, हे त्या कागदावर हवं.

परीक्षानळी

दुष्परिणाम कळवण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. आपापल्या देशाच्या औषधसतर्कता केंद्राला कळवलेली नोंद पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक नोंदसंग्रहात जाते. असे दुर्मिळ दुष्परिणाम तिथूनच उजेडात येतात. कारण शंभर टक्के सिद्ध व्हायची गरज नसते, संशय पुरेसा आहे.

वारुळ

हो. नारांजो मापन (दुष्परिणाम औषधामुळेच झाला का हे गुण देऊन ठरवायची पट्टी) वापरलंत तर एक अडचण येते: पुन्हा औषध देऊन तीच प्रतिक्रिया आली की त्याला 2 गुण आहेत, जे इथे कुणी मुद्दाम करणार नाही. म्हणून गुण बहुतेक वेळा 5 ते 8, म्हणजे "संभाव्य" याच पट्टीत येतात. त्याने नाउमेद होऊ नका.

नोंदीत हवं ते: औषधाचं मूळ नाव आणि ब्रँड, जैविक औषध असेल तर बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख, प्रत्येक डोसवाढीची तारीख, पहिलं लक्षण कधी, बंद केल्याची तारीख, त्यानंतर किती दिवसांत उतार. ट्रोपोनिनचा आकडा एकक आणि त्या प्रयोगशाळेच्या मर्यादेसकट. इतर औषधं, आयुर्वेदिक आणि काउंटरवरून घेतलेली धरून. विषाणूच्या तपासण्या आणि अँजिओग्राफी केली असेल तर निष्कर्ष.

खलबत्ता

रुग्णाच्या कार्डावर काय लिहायचं तेही ठरवा. "क्लोझापिनची अ‍ॅलर्जी" एवढंच लिहिलं तर पाच वर्षांनी कुणालाच काही कळत नाही. "क्लोझापिनमुळे मायोकार्डायटिस, सुरू केल्यापासून 17 वा दिवस, डोस 200 मिलिग्रॅम, सोबत व्हॅल्प्रोएट, ट्रोपोनिन तिप्पट, पंपिंग सर्वसाधारण, बंद केल्यावर 6 दिवसांत पूर्ववत" असं एका ओळीत लिहा, वर तारीख टाका, एक प्रत रुग्णाकडे आणि एक घरच्यांकडे.